चिंधीचं फूल

मित्रांनो, मी एक जुना तुंबा आहे. आता अर्धाच उरलो आहे, पण तोरा पूर्ण आहे. मला शो-पीस म्हणणाऱ्यांची मला कीव येते.

मी कुरखेड्याकडच्या एका वेलीवरचा भोपळा. रुखमाबाईंच्या आईने मला वाळवलं, आतून कोरलं, राख आणि झेंडूचं बी भरलं आणि लग्नात लेकीसोबत ब्रह्मपुरीला धाडलं. जुन्या वाणाचा, बुटका, तांबूस झेंडू. चाळीस वर्षं ते बी मिरगाला माझ्या पोटातून अंगणात पडलं आणि दिवाळीनंतर पुन्हा माझ्या पोटात आलं. त्यासाठी बाई दरवर्षी चांगल्या फुलांच्या देठांना चिंधी बांधत. चिंधीचं फूल तोडायचं नाही, झाडावरच वाळू द्यायचं. एवढी साधी गोष्ट.

पण घरात प्राध्यापक निपजले! बाईंचा मुलगा अश्वजित कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. त्याने संकरित झेंडूची चकचकीत पाकिटं आणली. फुलं वाटीएवढी, पिवळीधम्मक. त्यांचं बी धरलं तर पुढच्या वर्षी काय उगवेल, ते कुणी सांगावं? तरी लोक त्यांच्यासोबत फोटो काढत. मला नाक नाही, नाहीतर फळीवर बसून मुरडलं असतं.

मग एका साली बकरीने जुन्या वाणाचं एकच रोप सोडलं. त्याला धड फूलही एकच. बाईंनी त्याला लाल चिंधी बांधली. धम्मचक्र दिनाला विहारात पाहुणे आले होते. कार्यक्रम आटोपून बाई अंगणात आल्या, तर देठावर फूल नाही.

“अश्वजित, चिंधीचं फूल कुठी गेलं रे?”

“हारात ओवलं ना माय. मधात शोभत होतं.”

“चिंधी काऊन बांधली होती, तुले मालूम नाई?”

“मले वाटलं, नजर नाई लागली पायजे म्हणून बांधली असंल.”

“अन् तू पोरायले झाडं शिकवून राह्यला!”

पाहुण्यांनी हार खुर्चीवरच टाकला होता. बाईंनी तो आणला, फूल उकललं. आतलं बी पांढरं, पोचट. आईचं बी आपल्या हातून संपलं, एवढंच त्या म्हणत राहिल्या. त्या प्राध्यापकाची मला तेव्हा शिसारी आली.

मग बाईंनी मला कानाशी धरून हलवलं. कोरूनही माझ्या आत उरलेल्या वाळक्या जाळीत गेल्या सालच्या काही बिया अडकल्या होत्या. माझं तोंड अरुंद, काडीने त्या निघेनात. बाईंनी विळा उचलला.

“फोडू नको माय! पॉलिश करून हॉलमध्ये ठेवतो. शो-पीस दिसंल.”

एका घावात मी फुटलो. अकरा बिया निघाल्या. मिरगाला पेरल्या, सात उगवल्या. माझ्याच अर्ध्या भागाने बाईंनी त्यांना पाणी घातलं. पहिलं फूल उमललं, तेव्हा प्राध्यापकसाहेब नव्या रुमालाची चिंधी फाडून हजर होते. अक्कल आली म्हणायची!

मित्रांनो, फुलं आवडतात म्हणून माझ्यापुढे मिरवू नका. फुलं बकरीलाही आवडतात. सगळी खुडायची हौस आवरा, एक तरी झाडावर वाळू द्या. पुढच्या वेळी फोडायला मी शिल्लक नाही.