चढाच्या पायथ्याशी

बाह्या वर सारून तिनं दोन्ही हातांनी पुढचं चाक फिरवलं. जॅकवर उचललेलं ते जड चाक भिंगरीसारखं गरगरलं.

"आणखी एकदा, काकू," जीपखालून मिस्त्रींचा आवाज आला.

तिनं पुन्हा फिरवलं.  मिस्त्रींचे नुसते पाय बाहेर होते, एका चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला.

जीपचा फोर-व्हील, चारही चाकांना जोर देणारा गिअर, लागत नव्हता. लिव्हर खटकन बसायची, पण चढावर गेलं की मागची चाकं खडी उडवत जागच्या जागी फिरायची आणि पुढची ढिम्म. तिचं घर चढाच्या माथ्यावर, शेजार नसलेलं. रस्ता बरा होता तोवर ती जीप पळवत कशीबशी वर नेई. आता माती वाहून गेली होती. शेवटच्या खेपेला जीप अर्ध्या चढावरून उलटी घसरली ती थेट बांधाला टेकली. तेव्हापासून ती पिशव्या हातात घेऊन चालत चढत होती. मुलगा फोनवर म्हणाला होता, आई, गुडघे काही लोखंडाचे नाहीत, खोली तयार आहे, तो खटारा विक आणि ये. मिस्त्रींनी हात टेकले तर येईन, असं ती बोलून बसली होती. दिलेला शब्द आणि धरलेला नेम यांत ती फरक करत नसे.

मिस्त्रींनी हात टेकायचेच काय ते बाकी होते. छोटा गिअरबॉक्स उघडून झाला, लिव्हरचे सांधे बदलले, आतल्या दात्यांवर बॅटरी मारून झाली. दर वेळी 'आता पळेल घोडा' म्हणत ते किल्ली हातात देत, आणि घोडा चढ पाहिला की बसे.

मिस्त्री सरपटत बाहेर आले. चाकासमोर उकिडवे बसून त्यांनी मधल्या वाटीएवढ्या झाकणावरची धूळ अंगठ्यानं पुसली.

"काकू, हे मोकळंच आहे की."

"काय मोकळं?"

"हब. हा खटका फिरवल्याशिवाय पुढच्या चाकाला जोर मिळतच नाही. जुन्या गाडीत खाली उतरून हातानं फिरवावा लागतो, दोन्हीकडचा. आत लिव्हर टाका नाहीतर नवस बोला." मग उपासतापास करणाऱ्या काकूंशी बोलतोय हे ध्यानात येऊन त्यांनी जीभ चावली.

ती हसली. आधी विचारलं का नाही, एवढंच तिनं विचारलं.

"हे काय विचारायचं? भाजीत मीठ घातलंत का, असं सुगरणीला कुणी विचारतं?" मिस्त्री स्वतःवरच वैतागले होते. "साहेब तर दर वेळी उतरत असतील चढाआधी."

"उतरायचे," ती म्हणाली.

सपाटीवर गाडी चालवायला साहेबांनीच, तिच्या नवऱ्यानं, तिला शिकवलं होतं. चढाला मात्र स्टिअरिंग त्यांच्याकडे. तिला त्या चढाची धडकी भरे, म्हणून पायथ्याशी गाडी थांबली की ती डोळे मिटून आपली प्रार्थना म्हणायची. त्यांनी उभ्या जन्मात देवापुढे हात जोडले नाहीत. तिच्या उपासतापासांना हसले नाहीत, आडही आले नाहीत. वरचं तू बघ, खालचं मी बघतो, एवढंच म्हणत आणि उतरत. एकदा, फार पूर्वी, प्रार्थना चालू असताना तिनं डोळे किलकिले केले होते. ते चाकापाशी मान खाली घालून वाकले होते, हात चाकाला लावलेला. दुसऱ्याचं पत्र चुकून उघडावं तसं होऊन तिनं डोळे गच्च मिटले. पुन्हा कधी पाहिलं नाही, विचारलंही नाही. प्रार्थना संपवून डोळे उघडावेत, तर तिच्या बाजूच्या चाकापाशी ते गुडघ्यावर हात टेकून उठत असायचे. दर खेपेला. दोघांचं एकदमच संपतं, असं तिला वाटे.

ते गेले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या होत्या, एक नमस्कारसुद्धा नाही हो गाठीला.  तिच्याकडे त्यांचं चाकापाशी ते वाकणं होतं, तिच्या लेखी नमस्कारच. त्याच्या आधारावर तिनं त्या घरातल्या संध्याकाळी काढल्या होत्या.

मिस्त्रींनी खटका फिरवला. खट्. "बघा, साहेबांनी काय जपलंय. लोण्यासारखा फिरतो."

"वेळ लागतो का याला?"

"कसला वेळ! टिचकी वाजवायला लागतो तेवढा."

शिकवण्यापुरता लावलेला खटका त्यांनी तिच्याकडून दोनदा गिरवून घेतला आणि सपाटीसाठी पुन्हा मोकळा केला. सोबत येऊ का, असं विचारलं. ती नको म्हणाली.

चढाच्या पायथ्याशी तिनं जीप थांबवली. डोळे मिटले, पण पहिली ओळच आठवेना. मग ती उतरली. स्टिअरिंगच्या बाजूचं चाक, खट्. पुढून वळसा घालून ती दुसऱ्या बाजूला आली, वाकली, झाकणावर बोटं ठेवली, खट्. झालं. खरंच, टिचकीएवढंच.

हात तिथंच राहिला. बाकीचा वेळ ते काय करत असतील?

तिनं मान वर केली. तिथून, काचेतून, स्टिअरिंगशेजारची तिची जुनी जागा समोरच दिसत होती: बसून खोलगट झालेली गादी आणि पाठीचा रंग उडालेला भाग. तिथं कुणी बसलेलं असतं, तर त्याचे ओठ हललेलेही दिसले असते. थांबलेलेही.

त्या रिकाम्या जागेवर ठेवलेला फोन वाजू लागला. मुलगाच असणार. तिनं तो वाजू दिला. गुडघे कुरकुरत होते. चाकावरचा हात न काढता, रिकाम्या जागेवरची नजर न हलवता, तिनं प्रार्थना पहिल्या ओळीपासून सुरू केली आणि सावकाश शेवटापर्यंत नेली.

मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली, आत बसली, लिव्हर ओढली. चारही चाकांनी माती धरली.