इरल्याखालचा पर्जन्यमापक

मी पर्जन्यमापक बोलतोय. पाऊस मोजणारा. सध्या मात्र सुरगाण्याच्या डोंगरात, भर आषाढात, कोरडा ठणठणीत उभा आहे. हसलात तरी चालेल.

माझ्या पोटात चमच्याएवढ्या दोन वाट्यांचा झोका आहे. एक भरली की कलंडते, टक्! लगेच दुसरी तिच्या जागी येते. किती टक् झाले ते मी दर तासाला नाशिकच्या ऑफिसात कळवतो. पाच वर्षांपूर्वी मला हिरामणच्या भातखाचराच्या बांधावर बसवलं.

बसवायला आलेल्या ज्योत्स्नाताईंनी त्याला लॅपटॉपवर अख्ख्या विभागाच्या पावसाचा नकाशा दाखवला. प्रत्येक यंत्राचा त्यावर एक ठिपका. मधल्या जागांचा पाऊस कॉम्प्युटर आजूबाजूचे ठिपके आणि डोंगरांची उंची बघून अंदाजाने भरतो.

"म्हंजे शेजारी काय शिजलं त्यावरून आमी जेवलो का नाय ते ठरवता?" हिरामणने विचारलं.

ताई हसल्या. "म्हणून तर इथला ठिपका हवा, दादा. डोंगराच्या एका अंगाला झोडपतो, दुसऱ्या अंगाला नुसता भुरभुरतो. ते शेजाऱ्याला काय माहीत?"

तेव्हापासून हिरामणला त्या ठिपक्याचं भारी कौतुक. रोज सकाळी येऊन माझ्या तोंडावरचा पाला काढायचा, कोळ्याची जाळी पुसायचा. "आपले पाड्याचा ठिपका मिटाया नको," असं बायकोला, कुसाबाईला, बजावायचा. "मी नसलो तं तू संभाळ याला." यंदा होळीनंतर तो तापाने गेला.

कुसाबाईने शब्द पाळला, पण तिच्या परीने. आषाढ लागला, चार दिवस झड थांबेना. ती लावणी सोडून माझ्याकडे आली. पाठीवर तिचं इरलं, हातात हिरामणचं. बांबूच्या कामट्यांचं, पळसाच्या पानांचं.

"लय भिजलास रं," म्हणत तिने ते माझ्या डोक्यावर घालून सुतळीने बांधलं. "तो असता तं त्यानं बी हेच केलं असतं."

नसतं केलं हो, कुसाबाई! पण मला टक् एवढंच बोलता येतं, तेही पाणी मिळालं तर. मग मी शून्य कळवत राहिलो. बाहेर पाऊस कोसळतोय आणि माझं आपलं शून्य, शून्य. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

नवव्या दिवशी कुसाबाई माझ्यापाशी असतानाच तिचा फोन वाजला. ज्योत्स्नाताई होत्या. "वहिनी, यंत्र बिघडलंय वाटतं. सध्या नकाशातून काढलंय. घाटातली दरड हटली की येते."

"बिघडंल कसं? थेंब लागू दिला नाय मी त्याला!"

पण तोवर रेंज गेली होती.

आता आमच्या पाड्याचा पाऊस शेजारपाजाऱ्यांवरून भरतात. मला पाण्याची आस लागली आहे, आणि हिरामणच्या ओल्या बोटांचीही. इरल्याच्या पानांना अजून त्याच्या बिडीचा वास आहे. कुसाबाई रोज सकाळी येते, पानांवरून हात फिरवते, सुतळीची गाठ घट्ट करते आणि म्हणते, "हाय ना रं तुझा ठिपका?"

ज्योत्स्नाताई, लवकर या. इरलं उतरवा, मला भिजायचंय. ते बाजूला टाकू नका, तिच्या हातात द्या. आणि ठिपका कशाने मिटला होता, ते मात्र तिला सांगू नका.