जंतूनाथांचा वजनकाटा

मलकापूरच्या मंगल कार्यालयात जंतूनाथ महाराजांच्या वजनकाट्यासमोर तोबा गर्दी उसळली होती. काल प्रत्येकाने इथेच मोठा तांब्याभर ‘शुद्धिजल’ पिऊन वजन केलं होतं. मग घरी महाराजांचं चूर्ण घेऊन परसाकडे पळापळ. आज उपाशीपोटी पुन्हा तोच काटा.

“दोन किलो उतरलं!” माजी सुभेदार लालासाहेब काट्यावरूनच ओरडले. “लय भारी!”

“पोटात लठ्ठ जंतू ठाण मांडून बसले होते,” महाराज माइकवर गरजले. “ते गेले. आता आमचे सिद्ध जंतू राहायला येतील. भाडेकरू बदलला की घर सुधारतं! शुगरच्या गोळ्या आजच कोयनेत सोडा!”

सुलाबाईंनी गोळ्या काढायला पिशवीत हात घातला. शेजारी उभ्या भाचीने, संयोगिताने, त्यांचं मनगट धरलं. गेल्या वर्षी तिच्या आईनेही याच महाराजांचं ऐकलं होतं. आई गेल्यावर पिठाच्या डब्यामागे गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या होत्या.

“लालाकाका, उतरू नका.” संयोगिताने आपली लिटरभर पाण्याची बाटली पुढे केली. “एवढी प्या.”

लालासाहेबांनी बाटली रिकामी केली. तिने ती परत घेतली. काटा किलोभर वर चढलेला.

“महाराज, जंतू लगेच माघारी आले? एसटी चुकली वाटतं त्यांची!”

गर्दीत खसखस पिकली.

“ते पाणी अभिमंत्रित नव्हतं!” महाराज तडकले.

“काका, साखर कारखान्याच्या काट्यावर तुमचा भरवसा नाही. ऊस आधी बाहेर तोलून नेता. मग इथं?”

लालासाहेबांच्या मिशा थरथरल्या. “म्हंजी काल भरली ट्रॉली तोलली, आन् आज रिकामी? व्हय रं जंतूनाथा?”

महाराजांना एकाएकी समाधी लागली.

“मग पोटात जंतू न्हाईतच व्हय गं?” सुलाबाईंनी विचारलं.

“आहेत की, अगणित. वजनाशी, शुगरशी त्यांचं नातंही आहे. शास्त्रज्ञ अजून ते उलगडतायत. पण पुडीनं ते रातोरात बदलत नाहीत, आत्या. जुलाबानं पाणी जातं, चरबी नाही. त्या जंतूंना रोज भाकरी, घेवडा, पालेभाजी घालावी लागते. आणि गोळ्यांचं डॉक्टरांना विचारायचं. चला, आधी दोन घास खा, मग दवाखान्यात जाऊ.”

सुलाबाईंनी गोळ्यांची पट्टी पदराच्या गाठीत बांधली. “तुझ्या आईला ह्ये कुनीतरी सांगाया पायजे व्हतं गं.”

संयोगिताने आत्याची पिशवी खांद्याला लावली.

उसाची ट्रॉली दोन काट्यांवर तोलणाऱ्यांनी आपल्या माणसाचा जीव तरी न तपासलेल्या काट्यावर ठेवू नये.