उसनी झोप

घाबरू नका, मी गोळ्यांची डबी बोलतेय. साधी प्लास्टिकची, सात झाकणांची, प्रत्येक झाकणावर एकेका वाराचं अक्षर. डोकेदुखीचं मलम माणसं दुकानात मोठ्याने मागतात. माझी किंमत मात्र आजूबाजूला बघून, हळूच विचारतात.

माझी मालकीण गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कॉलर लावते. तिथे जिच्या हाती जे काम, तेच तिचं नाव. म्हणून ती कॉलरवाली. तिच्या शेजारच्या मशीनवर शर्टाला काजं करते ती काजवाली. एक हसली की दुसरी विचारणार, "काय गं, मलाही सांग ना!" अशी त्यांची जोडी.

आई गेल्यापासून कॉलरवालीचा डोळ्याला डोळा लागेनासा झाला होता. कॉलरी उलट्या लागायच्या, जेवण तसंच राहायचं. शेवटी नवराच तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "महिन्याला येऊन माझ्याशी बोलायचं, ते चुकवायचं नाही. आणि या गोळ्या फक्त तुमच्या. दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत."

ती मान हलवून आली. त्याच संध्याकाळी माझे खण भरले गेले. खरं सांगते, त्या गोळ्यांनी तिला सावरलं. हळूहळू झोप आली, भूक आली. एके दिवशी तर मशीनवर ती गुणगुणत होती. औषधाला नावं ठेवणाऱ्यांनी ते गुणगुणणं ऐकायला हवं होतं.

पण मशीनांच्या त्या ओळीत बायकांची एक रीत होती. कुणी मागे पडली की शेजारीण आपले चार नग तिच्या ढिगात सरकवायची. दोरा संपला, घे माझा. डोकं दुखतंय, घे माझी गोळी. उसनं द्यायचं आणि नाही म्हणायचं नाही. या रीतीवरच त्या बायका तगून होत्या.

मग कामाचा आकडा वाढला. सुपरवायझरने भिंतीवर दिव्यांचा फलक लावला. जिचे नग कमी पडतील तिचा आकडा लाल व्हायचा. बायका पाणी प्यायला उठेनाशा झाल्या; पाणी प्यायलं की पुढे कुठे जावं लागतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

काजवालीचा आकडा सारखा लाल. घरी तान्हं मूल, अंथरुणावर सासरा. एकदा ती म्हणाली, "तू कशी गं एवढी निवांत?"

"गोळी घेते."

"मग दे की मलाही एक. तुझे दोन नग मी ओढीन."

माझं एक झाकण उघडलं. साखरेची वाटी शेजारी द्यावी इतक्या सहज गोळी त्या हातातून या हातात गेली.

मग एक गोळी रोजचीच झाली. आठवडा संपायच्या आधीच माझे खण रिकामे पडू लागले. कॉलरवाली मग स्वतःच्या गोळ्या चुकवायची, रात्रभर कूस बदलायची आणि सकाळी पुन्हा मला पिशवीत टाकून निघायची. डॉक्टरांकडे बोलायला जाणंही राहून गेलं. रजा मागायची कुणी?

त्या दिवशी काजवालीला खोकला होता. सकाळपासून ती खोकल्याच्या औषधाची बाटली तोंडाला लावत होती. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच म्हणाली, "आज दोन दे. एकीने काही होत नाही आता."

"अगं, मशीनवर बसायचंय ना?"

"बसायचंय म्हणूनच! छातीत नुसती धडधड होतेय. हात थरथरला की काज फाटतं. मग सुपरवायझर ओरडणार."

मी झाकण घट्ट धरून ठेवलं. कॉलरवालीचं नख मोडलं. तिने दुसऱ्या बोटाने उघडलं.

दुपारी काजवालीचं डोकं मशीनवर टेकलं. पाय पॅडलवर दाबलेलाच होता, त्यामुळे मशीन घरघरतच राहिलं आणि दोऱ्याचा गुंता होत गेला.

"बघा, राणीसरकार आडव्या झाल्या!" बाह्या लावणारी हसली. मग कॉलरवालीने तिला हलवलं. पुन्हा हलवलं. मग कुणीच हसलं नाही.

दवाखान्यात नेताना सुपरवायझर गाडीत कॉलरवालीला खालच्या आवाजात म्हणाला, "उपाशी होती, चक्कर आली. एवढंच सांगायचं. गोळ्याबिळ्यांचं नाव काढलंस तर आधी तुझी नोकरी जाईल."

पिशवीत कॉलरवालीचा हात माझ्यावर घट्ट होता.

काजवालीची सासू धावत आली. "तुमच्या कारखान्यानं खाल्लं माझ्या सुनेला!"

"घरचा ताप असेल, आजी. आमच्याकडे बाकीच्या बायका बऱ्या आहेत की," सुपरवायझर म्हणाला.

"घरचा ताप? आमच्या वेळी काय कमी कामं होती? आम्ही नाही पडलो कधी!"

तेवढ्यात आतून डॉक्टरीणबाई आल्या. "काय घेतलंय हिनं? श्वास मंद होतोय. कुणाला माहीत असेल तर आत्ता सांगा."

"उपाशी होती," सुपरवायझर म्हणाला.

सासू म्हणाली, "काही घेत नाही हो ती. आमच्या घरात असलं काही नाही."

डॉक्टरीणबाई वळल्या. दार मिटायला लागलं.

"थांबा!" कॉलरवालीने मला पिशवीतून काढून त्यांच्या हातावर ठेवलं. "या माझ्या गोळ्या. आज हिनं दोन घेतल्यात, रोजच घेते माझ्याकडून. शिवाय खोकल्याचं औषध, बाटलीभर."

डॉक्टरीणबाई मला घेऊन पळतच आत गेल्या. मी तिथे सगळं पाहिलं: नळ्या, सुई, तोंडावरचा मास्क. बराच वेळ काजवालीची छाती नीट हलेना. मग हलू लागली.

मी आज तिच्या खाटेजवळच्या स्टुलावर आहे. कोण जबाबदार, ते मला डबीला काय कळणार? फलक लावणारा म्हणतो घर, घर म्हणतं कारखाना, आणि दोघेही म्हणतात गोळ्या. माझं एवढंच मागणं आहे: शेजारणीला धडधडतंय असं कळलं तर माझं झाकण उघडू नका. तिला हाताला धरून डॉक्टरकडे न्या, आणि ज्यानं आकडा वाढवला त्याच्यापुढे सगळ्या मिळून उभ्या राहा.

सकाळी कॉलरवाली आली तेव्हा काजवाली जागी होती. "बोललीस कशाला? सासूला कळलं, साहेबाला कळलं. आता दोघींची नोकरी जाईल."

"जाऊ दे. माझ्याशी भांडायला तू तरी राहिलीस."

काजवालीने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग तिने पाय आखडून घेतले आणि खाटेवर बसण्यापुरती जागा केली.