उद्याकाकांच्या बसमधला आकडा

मित्रांनो, बसमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागे एक वाकडा लोखंडी आकडा असतो. त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी तसाच एक जुना आकडा आहे. सध्या आगाराच्या कोपऱ्यात, गंजक्या खिळ्यांच्या डब्यात पडून असतो. माझी गोष्ट मिरवण्यासारखी नाही. तरी सांगतो, कारण तिच्यात माझीही चूक आहे.

आगारातल्या फिटरने तुटक्या सळईचा तुकडा तापवून मला घडवलं आणि दोन स्क्रूंनी घट्ट बसवलं. "हत्ती टांगा, पडायचा नाही!" असं तो म्हणाला, तेव्हा मी अगदी फुशारून गेलो होतो.

आमची बस बाजारगावातून शहरात आणि शहरातून बाजारगावात अशा दिवसाला चार फेऱ्या करायची. जाताना कांद्याची पोती आणि कोंबड्यांच्या टोपल्या, येताना औषधं, वह्या, दुरुस्त झालेली घड्याळं. जे जपून न्यायचं ते माझ्या गळ्यात पडायचं. "आकड्याला लावलंय ना? मग काळजी नाही," असं लोक म्हणत. माझं सगळं कौतुक एवढंच, पण मला ते पुरायचं.

आमच्या ड्रायव्हरना सगळे उद्याकाका म्हणत. हॉर्न बसला, उद्या बघू. वायपर अडकला, उद्या बघू. कंडक्टरबाई त्यांना चिडवायच्या, "काका, ब्रेक तेवढा आजच दाबत जा हं!" अख्खी बस हसायची, काकाही हसायचे. माणूस मात्र लाखातला. धावत येणारा प्रवासी दिसला आणि त्यांनी गाडी हलवली, असं कधी झालं नाही.

बाजारगावच्या थांब्यासमोर एक शिवणवाली बाई राहायची. तिची एकुलती एक मुलगी शहरात, स्टँडमागच्या बटणांच्या दुकानात नोकरीला होती. घरच्या दुसऱ्या मशीनवर बसायचं सोडून मुलगी शहराकडे निघाली, तेव्हा आई रागाने म्हणाली होती, "जायचं तर जा. मी बोलावल्याशिवाय या घरात पाय ठेवू नकोस." तोंडातून शब्द गेला आणि दोघी हट्टाला पेटल्या. तीन वर्षं बोलणं नाही. पण आईने मुलीसाठी दिलेला जेवणाचा डबा? तो रोज सकाळी माझ्यावर टांगलेला असायचाच.

संध्याकाळी मुलगी तो परत द्यायची, आणि कधीच रिकामा द्यायची नाही. कधी दोऱ्याचं रीळ, कधी चार बटणं, कधी लिमलेटची गोळी. आई बसच्या खिडकीशी उभी राहून झाकण उघडायची, आत बोट फिरवायची आणि घराकडे वळायची. तिच्या चालण्यावरून मला कळायचं, आज बरं वाटलंय तिला.

एव्हाना माझा एक स्क्रू सैल झाला होता. प्रत्येक खड्ड्याला मी खडखडायचो. कंडक्टरबाई म्हणाल्या, "काका, आकडा हलतोय. पिळून घ्या." काका म्हणाले, "उद्या."

एका शुक्रवारी संध्याकाळी मुलीने डबा दिला तेव्हा तिचे डोळे चमकत होते. "काका, उद्याचा डबा सांभाळून आणा हं. आज डब्यात चिठ्ठी घालून आईला विचारलंय मी, रविवारी येऊ का म्हणून."

शनिवारी सकाळी आईने डबा दिला. देण्याआधी झाकण उचलून एक घडी घातलेला कागद वर नीट ठेवला. काका तेव्हा आरशात बघून केस सारखे करत होते, त्यांनी तो पाहिला नाही. मी पाहिला.

ओढ्याच्या पुलाजवळ मोठा खड्डा आला. स्क्रू निसटला, मी एका बाजूने लोंबकळलो आणि डबा धाडकन खाली आपटला. भात-भाजी सगळीकडे पसरली. कागद घसरत सीटखाली, कांद्याच्या पोत्यामागे गेला. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो, मित्रांनो.

शहरात मुलगी खिडकीशी येऊन उभी राहिली. काकांना फार लाज वाटली. एका दिवसाच्या जेवणाचं काय एवढं, असं मनाशी म्हणून ते बोलून गेले, "आज डबा नाही आला गं."

"चिठ्ठीसुद्धा नाही?"

"नाही."

ती "बरं" म्हणाली आणि गेली. संध्याकाळी डबा परत द्यायला यायचं तिला कारणच नव्हतं. काकांनी स्टँडच्या नळावर डबा घासूनपुसून लख्ख केला. आपण चांगलंच करतोय, असं त्यांना वाटलं. बाजारगावात आईने झाकण उघडलं आणि आत बोट फिरवलं. काहीच नव्हतं.

"काही म्हणाली?"

"नाही हो, वहिनी."

तरीही रविवारी पहिली गाडी पोचली तेव्हा आई इस्त्रीचं लुगडं नेसून थांब्यावर उभी होती. शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत दाराकडे बघत राहिली. दुसऱ्या गाडीलाही होती, तिसऱ्यालाही. चौथ्या गाडीला ती खोकत खोकत म्हणाली, "मागं कुणी राहिलं नाही ना?" काका मान हलवून गाडी पुसायला लागले. सोमवारी डबा आला नाही. नंतर कधीच आला नाही.

दहा-बारा दिवसांनी गाडी धुताना कंडक्टरबाईंना सीटखाली तो कागद सापडला. भाजीच्या तेलाने पिवळा झाला होता. त्यांनी वाचला, "रविवारी पहिल्या गाडीनं ये. मी थांब्यावर आहे."

काका पायरीवरच बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं.

"आत्ता जा शिवणवालीकडे," बाई म्हणाल्या.

"कुठल्या तोंडानं जाऊ? उद्या जातो. पहिल्या फेरीला."

पहिल्या फेरीला शिवणवालीच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "छातीत कफ झाला होता. परवा शहरात दवाखान्यात नेलं, काल रात्री गेली. मुलीचा पत्ता आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक नव्हता, आणि तिला तेव्हा बोलवत नव्हतं." मित्रांनो, तो दवाखाना बटणांच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर होता.

त्याच दिवशी काकांनी मुलीला गाडीत आणलं. ती माझ्याखालच्या सीटवर बसली. घराजवळ गाडी थांबल्यावर त्यांनी कागद पुढे केला. तिने वाचला, पुन्हा वाचला.

"ती थांबली होती?"

"चारही गाड्यांना."

"एकदा बोलायचं होतंत हो, काका," एवढंच ती म्हणाली. काका लहान मुलासारखे रडले. पण आता रडून काय होणार होतं?

दुसऱ्या दिवशी ती शहरात परत निघाली तेव्हा तिच्याकडे आईचा तो डबा होता. तिने तो माझ्यावर टांगला. खड्डा आला, मी जराही हललो नाही. आदल्या संध्याकाळीच काकांनी मला नवा स्क्रू बसवला होता.

पुढे आमची बस मोडीत निघाली आणि मी या खिळ्यांच्या डब्यात आलो. कुणी मला पुन्हा कुठे लावेल असं वाटत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात एखादा स्क्रू सैल झाला असेल तर आज पिळा. आणि हातून कुणाचं काही सांडलं, तर ते त्याला आजच सांगा. थांब्यावर कुणीतरी उभं असतं.