काठोकाठ तेल

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना अख्खा बाजार 'कणभर' म्हणायचा. नाव त्यांनीच ओढवून घेतलेलं. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "जरा याचं तेलपाणी बघा हो," की ते डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवत आणि जवळजवळ सुरात सांगत, "तेल घाला कणभर, चालेल मग जन्मभर, तेल घाला मणभर, चालेल फक्त क्षणभर." सुईच्या टोकावर राहील एवढाच थेंब, तोही जिथे लागतो तिथेच. हा त्यांचा धर्म. माणसाची देवावर असते तशी त्यांची श्रद्धा त्या थेंबावर होती.

आणि देवाची गंमत बघा. ज्याला आपण जन्मभर नाही म्हणतो, तेच तो एक दिवस हसत हसत आपल्या पानात वाढतो.

सकाळचा चहा चालला होता. सुनेने मनगटावरचं जाडजूड घड्याळ काढलं आणि सासऱ्यांच्या कपाशेजारी ठेवलं.

"बाबा, हे तेलाने भरून द्याल?"

"तेल घालून, म्हणतेस."

"घालून नाही, भरून. काठोकाठ. आत हवेला जागाच नको."

कणभरांनी कप खाली ठेवला. चहा गाळता गाळता त्यांच्या बायकोला हसू फुटलं. "बरं झालं! जन्मभर डोळ्यांत तेल घालून घड्याळं बघितलीत. आता घड्याळातच घाला, डोळ्यांना तेवढीच विश्रांती."

सून पाण्याखालची कामं करायची. तिच्या कामाला म्हणायचं काय, हा घरातला जुना घोळ. पुरुष असता तर पाणबुड्या म्हणून मोकळे झालो असतो. बाईला पाणबुडी म्हणावं तर ऐकणाऱ्याला वाटतं घरात लढाऊ जहाज आलंय. म्हणून सासूबाई शेजारणीला सांगताना नुसतं म्हणत, "आमची पाण्यातली." गोदीच्या फाटकांखाली गाळ साचतो, दोरखंड अडकतात, साखळ्या तुटून पडतात. ते सगळं ही खाली उतरून मोकळं करायची. एका हाताने फाटकाचा गज घट्ट धरायचा, दुसऱ्या हाताने काम.

"मग घड्याळ बघायचं कसं?" ती सांगू लागली. "काच आणि तबकडीच्या मधे हवा असते ना, त्यामुळे पाण्यात जरा तिरकं बघितलं की काचेचा आरसा होतो. काटे गायब. मनगट नाकासमोर आणायचं तर गज सोडावा लागतो. आत तेल भरलं की आरसा संपला. कुठूनही बघा, काटे जणू काचेवर रंगवलेत."

"वरची माणसं तारेवरून वेळ सांगतात ना तुम्हाला?"

"सांगतात. पण दुसऱ्याने सांगितलेली वेळ आणि आपण बघितलेली वेळ, फरक असतो बाबा. शनिवारी मोठ्या फाटकाखाली उतरायचंय. खालची जबाबदारी पहिल्यांदाच माझ्यावर आहे. तोवर होईल?"

कणभरांनी घड्याळ उचललं. कितीतरी वर्षांत घरातल्या कुणी त्यांच्यासमोर घड्याळ ठेवलं नव्हतं. मुलगा वेळ फोनवर बघायचा. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बायको स्वतःच बदलायची. सून घरात आली तेव्हापासून सासरा-सुनेचं बोलणं "जेवलीस का" आणि "जेवलात का" यांच्यापुढे सरकलेलं नव्हतं. दोघंही भली, पण दोघंही मुकी. आज ती आपणहून काहीतरी घेऊन आली होती. नाही म्हटलं, तर पुन्हा येणार नाही. हो म्हणून बिघडवलं, तर मग विचारायलाच नको.

"ठेव," ते म्हणाले.

"हे उन्हावर चालतं बरं का. तबकडीतून उजेड आत जातो आणि..."

"अगं, मला सांगतेस?"

ती ओशाळून हसली आणि पिशवी उचलून कामावर गेली.

कणभरांनी काम दुकानात नेलंच नाही. बाजारात कुणी पाहिलं असतं तर कणभरचं मणभर व्हायला वेळ लागला नसता. घरीच, खिडकीजवळच्या टेबलावर त्यांनी मांडामांड केली. चावीचं घड्याळ असतं तर त्यांनी हात जोडले असते. त्यातलं नाचरं चक्र तेलात बुडालं की गुदमरून थांबतं. पण हे विजेच्या ठोक्यावर काटे ढकलणारं. हळूहळू का होईना, तेलातूनही वाट काढेल, असं त्यांच्या मनाने घेतलं.

तेल मात्र साधं चालणार नव्हतं. पाण्यासारखं नितळ हवं आणि रबर न खाणारं हवं. चौकशी करता करता ते जाऊन पोहोचले खेळण्यांच्या दुकानात. रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांच्या स्प्रिंगांत घालतात ते सिलिकॉनचं तेल तिथे मिळायचं.

"नातवासाठी वाटतं?" दुकानदाराने कौतुकाने विचारलं.

"नाही," कणभर म्हणाले, "सुनेसाठी."

दुकानदाराने बाटली कागदात गुंडाळली आणि पुढे काही विचारलं नाही.

काचेच्या पसरट भांड्यात त्यांनी तेल ओतलं. घड्याळाचं मागचं झाकण उघडून ते पालथं आत सोडलं. बारीक ब्रशने कोपऱ्याकोपऱ्यातली हवा हुसकून लावली. तेल चढत गेलं तसं बोटांना ते पापच वाटत होतं. जुन्या भाषेत तेलाला स्नेह म्हणतात आणि मायेलाही स्नेहच म्हणतात. एक यंत्राला लागतो, एक माणसाला. यंत्राला तो मोजून द्यावा, माणसाला उतू जाईपर्यंत द्यावा. कणभरांनी जन्मभर दोन्ही एकाच सुईने वाढले होते, एवढीच त्यांची चूक.

तेलातच झाकण बंद करून त्यांनी घड्याळ बाहेर काढलं, पुसलं. आणि बघतच राहिले. काच आहे की नाही कळेना! आकडे बोटाला लागतील इतके वर आलेले. तिरकं धरलं, आडवं धरलं, तबकडी कुठूनही स्पष्ट. त्यांना टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. मग त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि जन्माच्या सवयीने वर स्टीलची वाटी पालथी घातली. उघडलेलं घड्याळ असो की बंद केलेलं, टेबलावर आहे तोवर त्यावर वाटी. धूळ हा त्यांचा दुसरा शत्रू.

दुसऱ्या दिवशी वाटी उचलली तर सेकंदकाटा लंगडत होता. एक एक सेकंद जायचं सोडून दम खायचा, मग दोन सेकंदांची एकदम उडी. पुन्हा दम, पुन्हा उडी.

"तेल घट्ट झालं," कणभर पुटपुटले. "बिचाऱ्याला पाय उचलवेना."

पुन्हा खेळण्यांचं दुकान, पुन्हा बाटली, आणखी पातळ. जुनं तेल निथळून काढलं, नवं भरलं, झाकण लावलं. वर वाटी. संध्याकाळी बघितलं तर लंगडणं तसंच. त्याहून पातळ आणलं. पुन्हा सगळं तसंच केलं. वर वाटी.

"झालं का हो बाबा?" सुनेने जेवताना विचारलं.

"मुरतंय."

"मुरतंय?" बायको म्हणाली. "घड्याळ आहे की लोणचं?"

सून हसली, पण तिच्या नजरेत काळजी होती, आणि ती कणभरांच्या नजरेतून सुटली नाही. ती आत गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "अहो, काय अडलंय ते विचारा की तिला. तिचं घड्याळ आहे, तिला ठाऊक असेल."

"काय विचारू? जन्म गेला या टेबलावर, आता सुनेला विचारू की बाई, घड्याळ कसं चालतं?"

"मग नका विचारू. आणि हे बघा, माझी एक वाटी हरवलीय. रोज जेवताना एक माणूस बशीत आमटी खातंय."

कणभरांचं लक्ष नव्हतं. शुक्रवारी सकाळी त्यांनी वाटी उचलली आणि त्यांचं काळीजच थांबलं, कारण काटा थांबला होता. हलवलं, उबदार कपड्यात धरलं, देवाचं नाव घेतलं. काटा ढिम्म. बुडालं. मणभर घातलं आणि क्षणभरात गेलं. त्यांनी घड्याळ परत झाकलं, जसं कुणी गेलेल्या माणसाचे डोळे मिटवतं, आणि दुकानात जाऊन बसले. त्या सकाळी एका गिऱ्हाइकाने तेलपाण्याचा विषय काढला, तर त्यांनी नुसती मान हलवली. सुनेला काय सांगायचं, याचीच ते दिवसभर जुळवाजुळव करत होते. "मशीनच कच्चं होतं" असं एक वाक्य तयार झालं. ते खोटं होतं, म्हणून मोडलं. दुसरं जमेना.

इकडे दुपारी सासूबाईंनी टेबल पुसायला घेतलं. पालथी वाटी उचलली.

"अगं बाई! ही इथे चैन करतेय आणि मी घरभर शोधतेय!"

वाटी घेऊन त्या गेल्या स्वयंपाकघरात. घड्याळ मात्र टेबल पुसायला अडचण नको म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, आणि तिथेच विसरल्या. दुपारचं ऊन त्या कट्ट्यावर सरळ येई.

संध्याकाळी कणभर खाली मान घालून घरी आले. पाठोपाठ सून आली. "बाबा?" एवढंच म्हणाली.

"बस," ते म्हणाले. "तुला सांगायचं होतं. तुझं घड्याळ माझ्या हातून..." आणि त्यांची नजर खिडकीकडे गेली. काटा चालत होता! दम खात, उडी मारत, पण चालत होता.

"हे इथे कुणी ठेवलं?"

"मी," आतून आवाज आला. "आणि आधीच सांगते, वाटी मी परत देणार नाही."

"वाटी कसली?" सुनेने विचारलं.

"अगं, हे तुझ्या घड्याळावर माझी वाटी पालथी घालून ठेवत होते. तेलं बदलून बदलून दमले. काटा उड्या मारतो म्हणे!"

सुनेने घड्याळ हातात घेतलं, काटा बघितला, सासऱ्यांकडे बघितलं. ओठ दाबून हसू आवरायचा तिने फार प्रयत्न केला. जमलं नाही.

"बाबा, दोन-दोन सेकंदांची उडी म्हणजे तेल घट्ट नाही हो. भूक लागलीय! आत वीज कमी झाली की ते तसं चालून दाखवतं, की बाबांनो, मला उन्हात न्या. माझ्याकडे असतानाही ते बाहीखाली नाहीतर पिशवीत असतं, म्हणून आधीच अर्धपोटी. आणि तुम्ही त्याच्यावर..."

"वाटी," कणभर म्हणाले.

"उन्हावर जगणाऱ्या जिवावर!"

कणभर खुर्चीत बसले. उन्हावर चालतं, हे डोक्याला पक्कं ठाऊक होतं. हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि पहिल्या दिवशी ती सांगत होती तेव्हा यांनीच तिला मधे तोडलं होतं. ते हसायला लागले. आधी पोटातल्या पोटात, मग खुर्ची हलेपर्यंत. बायको बाहेर येऊन बघते तर सासरा आणि सून दोघंही डोळे पुसतायत.

"पहिलं तेलसुद्धा चाललं असतं मग?" त्यांनी विचारलं.

"चाललं असतं की! पण हे आताचं फारच नितळ आहे." तिने घड्याळ तिरकं धरलं. "बाबा, काय दिसतंय हो हे! मला बुडी मारायला शिकवणाऱ्या उस्तादांकडेही असं नाही."

शनिवारी सकाळी उन्हं आल्याबरोबर कणभर काटे वेळेवर लावून घड्याळ घेऊन गच्चीत गेले आणि सून निघेपर्यंत, लहान मुलाला शेकवावं तसं, त्याला ऊन दाखवत बसले. ती निघाली तेव्हा काटा एकेक सेकंद शहाण्यासारखा चालत होता. ती गेल्यावर मात्र त्यांना दुकानात करमेना. ते लवकर घरी आले आणि दाराशीच खुर्ची टाकून बसले.

ती आली ओल्या केसांनी, थकलेली, पण गालात हसत.

"फाटक मोकळं! एकदाही गज सोडला नाही. मान वळवली की वेळ समोर." मग तिने मनगट पुढे केलं. "फक्त हे एक झालंय."

काचेखाली, बाराच्या आकड्याशी, मोहरीएवढा बुडबुडा चमकत होता.

कणभर ताडकन उठले. "हवा राहिली! माझ्या कामात! आण इकडे, आत्ता काढतो."

तिने हात पाठीमागे घेतला. "हवा नाही बाबा. खालचं पाणी गार, तेल आकसतं, तेवढी पोकळी पडते; ऊब लागली की हळूहळू मिटते. आणि काढायचा नाही. गाळ उसळला तेव्हा काळोख झाला. मी आडवी होते की उताणी, कळेना. काटे आपले चमकतायत आणि हा शहाणा एका बाजूला पळाला. म्हटलं, चला, वर तिकडे आहे!"

कणभरांनी पुढे केलेला हात खाली घेतला. ती जिथून आली होती तो काळोख त्यांनी कधी मनातसुद्धा आणला नव्हता. मग त्यांनी आपली खुर्ची तिच्यापुढे सरकवली, स्वतः पायरीवर बसले आणि म्हणाले, "बस पोरी. मला यातलं काही कळत नाही. ते फाटक खाली असतं तरी कसं, सांग."

"आधी चहा तरी घेऊ दे तिला!" आतून बायको ओरडली.

"तू पण ये बाहेर," ते म्हणाले. "सावकाश सांगणार आहे ती."

सुनेने केस पिळले, दोन्ही हात हवेत फाटकासारखे उभे धरले आणि सांगायला सुरुवात केली.