चिठ्ठी हरवलेला शंख

मित्रांनो, माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मीही तुमच्यावर ठेवलेला नाही. मी एक जुनी, वीस खणांची सागवानी पेटी आहे. एका सुताराने मला माझ्या मालकीणबाईंसाठी घडवलं. त्यांच्या अभ्यासिकेत मी पोटात शंख-शिंपले घेऊन उभी असायची.

बाईंना शंखांचं भारी वेड. खलाशी आणि पाणबुडे दूरच्या किनाऱ्यांवरून त्यांना खोकी पाठवत. बाई एकेक शंख स्वतः घासत, त्याच्या आत बारीक टाकाने आकडा घालत आणि खाली चिठ्ठी ठेवत: कुठे सापडला, कधी, कुणाला. एका होतकरू अभ्यासकाला त्यांनी माझ्याशेजारी टेबल दिलं, सूक्ष्मदर्शक दिला, माझे सगळे खण खुले करून दिले.

घरात बाईंची धाकटी नणंदही होती. "वहिनी, इथे माणसांनी राहायचं की गोगलगायींनी?" असं ती नाक मुरडून विचारायची. मला पुसायचीही तीच.

मग चिठ्ठ्या नाहीशा होऊ लागल्या. शंख जागेवर, चिठ्ठी गायब! अंधारात मला फक्त हात कळतात, चेहरे नाहीत. आणि बाईंच्या शिस्तीने सगळेच हातमोजे घालत. माझा संशय नणंदेवर गेला. बाईंचाही. त्यांनी तिच्याकडची माझी चावी काढून घेतली. दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं.

वर्षभराने अभ्यासकाचं पुस्तक छापून आलं. त्यात उलट्या वळणाच्या एका दुर्मीळ शंखाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'मला सापडलेला'. नणंद ते पान घेऊन धावत आली.

"वहिनी, हा आपलाच शंख!"

"कशावरून?"

"शंखाच्या तोंडाच्या कडेवरचा टवका बघा. पुसताना माझ्याच हातून पडला होता. भीतीने बोलले नाही."

बाईंनी माझा सातवा खण ओढला. टवका अगदी तसाच!

दुसऱ्या दिवशी अभ्यासक आला. "तुमचा म्हणता, मग चिठ्ठी दाखवा की," तो हसून म्हणाला. बाईंनी शंख खिडकीशी उजेडात धरला. आत, त्यांच्या अक्षरात, आकडा होता. बाईंच्या नोंदवहीत त्या आकड्यापुढे एका पाणबुड्याचं नाव होतं. अभ्यासकाचं हसू मावळलं. पुढे त्याचं पुस्तक छापणाऱ्या संग्रहालयाने त्याला चूक जाहीर कबूल करायला लावली आणि तो शंख त्या पाणबुड्याच्या नावे नोंदला गेला.

अभ्यासक येऊन गेला त्याच संध्याकाळी बाईंनी चावी नणंदेच्या हातात ठेवली. "वन्सं, मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

"आणि मी सांगायला," नणंद म्हणाली. दोघी माझ्याशेजारीच बसून रडल्या. मलाही माझी लाज वाटली. माझी धूळ पुसणारा हातच मी चोराचा ठरवला होता.

आता दोघी नाहीत. मी संग्रहालयात जिन्याखाली आहे. लाकडाला वाळवी लागली आहे, दोन खण अडकतात. कुणी ओढताना गुडघा लावतं, कुणी आत खाऊचे कागद कोंबतं. मित्रांनो, खण हळू ओढा. काही तुटलं तर लपवू नका, इथल्या देखरेखीच्या बाईंना सांगा. त्या रागावतील, पण जोडतीलही.

आणि हो, मघापासून माझं लक्ष तुमच्यातल्या एका फुगलेल्या खिशाकडे आहे. माझं चुकत असेल तर आधीच माफी मागते. चुकत नसेल, तर तो शिंपला परत ठेवा. मी खण उघडाच ठेवला आहे.